बिनतारी वाटेची शिस्त

व्याख्यानमालेच्या चालकांनी मला विषय विचारला, तेव्हा मी महागाई भत्त्यावर किंवा नव्या कामगार कायद्यांवर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी ‘घरातील वाय-फाय’ असे सांगताच चिटणीस किंचित चमकले. त्यांचे चमकणे योग्यच होते. मी शास्त्रज्ञ नव्हे. दहावीनंतर माझी शाळा सुटली. सतराव्या वर्षी मी यंत्रमागावर उभा राहिलो, आणि पुढे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर बसून, शेजारी कोश ठेवून, व जाणत्यांना न लाजता विचारून शिकलो. तेव्हा आज मी जे सांगणार आहे ते एका विद्यार्थ्याने दुसऱ्या विद्यार्थ्यांस सांगितलेले आहे, असे समजून ऐकावे.

हा विषय मला का शिकावा लागला, ते आधी सांगतो. आमच्या एका सभासदाची मुलगी घरी बसून दूरच्या शहरातील एका कंपनीच्या ग्राहकांचे दूरध्वनी घेते. संगणक कंपनीचा, पण इंटरनेटची जोडणी तिची. जोडणी तुटली की तेवढी मिनिटे गैरहजेरीत धरावयाची, असा तेथला नियम. एका महिन्यात तिच्या पगारातून अकराशे रुपये कापले गेले. तिने ५० मेगाबिटांची योजना सोडून १०० ची घेतली. तरी कपात झाली. मग ३०० ची घेतली, तरीही झाली. बाप माझ्याकडे आला आणि म्हणाला, “साहेब, मुलगी दिवसभर खुर्चीवरून हलत नाही, आणि कागदावर ती गैरहजर. हे कसे?”

कंपनीशी बोलावयाचे तर दोष कोठे आहे हे आधी समजले पाहिजे. मागावर सूत तुटले तर जॉबर प्रथम पाहतो की, सूतच कच्चे आहे, बीम वाईट आहे, की धोटा खडबडीत आहे. न पाहता कामगाराला दोष देणारा जॉबर कामाचा नव्हे. म्हणून अभियांत्रिकी महाविद्यालयातील एका विद्यार्थ्याला बरोबर घेऊन मी त्या घरी गेलो. तेथे जे पाहिले, आणि त्यानंतरच्या सहा महिन्यांत जे वाचले, त्याचे सार आज आपणांपुढे ठेवतो.

दोन वाटा, एक नव्हे

पहिली गोष्ट ही की, इंटरनेट आणि वाय-फाय ह्या दोन निरनिराळ्या वस्तू आहेत. रस्त्यावरून काचतंतूची तार आपल्या घरातील डब्यापर्यंत येते, ती एक वाट. त्या डब्यापासून आपल्या हातातील फोनपर्यंतची दहा-वीस पावले हवेतून जातात, ती दुसरी वाट. आपण दरमहा पैसे भरतो ते पहिल्या वाटेचे. योजनेवर लिहिलेला १०० किंवा ३०० चा आकडाही पहिल्या वाटेचाच असतो. दुसऱ्या वाटेविषयी इंटरनेट देणारा काहीही लिहून देत नाही.

आता त्या मुलीच्या घरची स्थिती पाहा. डबा बाहेरच्या खोलीत, दूरदर्शन संचाच्या मागे ठेवलेला. मुलगी बसते आतल्या खोलीत. मध्ये विटांच्या दोन भिंती आणि एका भिंतीला टेकून उभे असलेले पोलादी कपाट. डबा दहा वर्षांपूर्वीच्या जातीचा. विद्यार्थ्याने आपल्या फोनवर आजूबाजूच्या जाळ्यांची नावे मोजली. ती तेवीस निघाली. दूरध्वनीवरील संभाषणाला लागतो तो वेग सेकंदाला शंभर किलोबिटांच्या आसपास, म्हणजे एक मेगाबिटाचा दहावा हिस्सा. त्या मुलीला ३०० मेगाबिटांची गरज कधीच नव्हती. तिला हवा होता तो एक दशांश मेगाबिट, पण अखंड. दुखणे दुसऱ्या वाटेवर होते, आणि ती औषध पहिल्या वाटेला लावीत होती. आपल्यापैकी किती घरांत हेच चालले असेल, ह्याचा विचार करावा.

हवेतले गायरान

हवेतून संदेश जातो तो विद्युत्‌चुंबकीय लहरींनी. ह्यात आपल्याला परके वाटावे असे काही नाही. जगदीशचंद्र बोस ह्यांनी १८९५ साली कलकत्त्यात भिंतीपलीकडे लहरी पाठवून दूरची घंटा वाजवून दाखविली. त्यांच्या लहरी काही मिलिमीटर लांबीच्या होत्या. आपल्या घरातील लहरी त्यांहून लांब आहेत. वाय-फायचा जुना पट्टा २.४ गिगाहर्ट्‌झचा, त्याची लहर साडेबारा सेंटिमीटर लांबीची, म्हणजे वितीपेक्षा आखूड. दुसरा पट्टा ५ गिगाहर्ट्‌झचा. त्याची लहर सुमारे सहा सेंटिमीटरांची. नवा पट्टा ६ गिगाहर्ट्‌झचा. ती पाच सेंटिमीटरांची. ढोबळ नियम असा की, लहर जितकी आखूड तितकी ती भिंतींत अधिक झिजते. पण वरच्या पट्ट्यांत जागा अधिक मोकळी असते. पोहोच आणि जागा ह्यांचा हा व्यवहार शेवटपर्यंत आपल्याबरोबर राहणार आहे.

हे पट्टे कोणाच्या मालकीचे? नभोवाणी, मोबाइल, सैन्य ह्यांना लहरींचे पट्टे सरकारकडून नेमून मिळतात आणि मोबाइल कंपन्या त्यासाठी लिलावात मोठ्या रकमा मोजतात. परंतु गावात जसे गायरान असते, ज्यात कोणाचेही जनावर चरू शकते, तसे काही पट्टे परवान्याविना वापरावयास खुले ठेवले आहेत. अमेरिकेत १९८५ साली हा निर्णय झाला, आणि आजचे वाय-फाय त्याच निर्णयाचे अपत्य होय. भारतात २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा २००५ साली परवानामुक्त झाला, आणि ५ गिगाहर्ट्‌झमधील विस्तृत पट्टा २०१८ साली. गायरान फुकट असते, पण तेथे गर्दीही होते. त्याच २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात वाय-फाय आहे, ब्लूटूथ आहे, आणि अन्न गरम करावयाची मायक्रोवेव्ह भट्टीही तेथेच काम करते. त्या पट्ट्यात मार्गांना तेरा क्रमांक दिलेले आहेत खरे, पण ते एकमेकांवर चढलेले आहेत. एकमेकांस न खेटता चालणारे मार्ग तीनच : पहिला, सहावा आणि अकरावा. तेवीस डबे आणि मार्ग तीन. त्या गल्लीतील भांडण येथेच उलगडते.

आधी ऐका, मग बोला

एका मार्गावर एका वेळी एकानेच बोलावयाचे, हा वाय-फायचा मूळ नियम आहे. दोघे एकदम बोलले तर दोघांचेही वाया जाते. मागाच्या खात्यात उभे राहून ज्याने कधी बोलण्याचा प्रयत्न केला आहे त्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. तेथे आम्ही हातवारे करून बोलतो. बिनतारी यंत्रांनी दुसरा उपाय शोधला. १९७१ साली हवाई बेटांवरील विद्यापीठात नॉर्मन अॅब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटाबेटांवरील संगणक एकाच बिनतारी मार्गावर जोडले. ज्याला बोलावयाचे त्याने बोलावे. उत्तर आले नाही तर काही काळ थांबून पुन्हा बोलावे, अशी त्यांची रीत होती. वाय-फायने तीत सुधारणा केली. प्रथम ऐकावयाचे. मार्ग मोकळा दिसला तर चिठ्ठी टाकल्याप्रमाणे आपापल्या मनाने काही क्षण थांबावयाचे, आणि मग बोलावयाचे.

ही रीत सभ्य आहे, पण तिच्यात दोन दोष आहेत. एक असा की, जसजशी यंत्रे वाढतात तसतसा बोलण्यापेक्षा थांबण्यात अधिक वेळ जातो. दुसरा दोष अधिक सूक्ष्म आहे. पाळी सर्वांना सारखी मिळते, परंतु पाळीचा वेळ सारखा नसतो. समजा, जवळचा नवा फोन सेकंदाला ६०० मेगाबिटांनी बोलतो, आणि भिंतीआडचा जुना फोन ६ मेगाबिटांनी. तेवढाच मजकूर सांगावयास जुन्याला शंभरपट वेळ लागतो, आणि तेवढा वेळ नव्याने गप्प बसावयाचे. शेजारच्या घरातील डबा त्याच मार्गावर असेल तर त्याच्यासाठीही थांबावयाचे. म्हणून घरातील एक जुने यंत्र सगळ्या घराचा वेग ओढून धरू शकते.

मानक म्हणजे करार

ह्या सगळ्या रीती ठरवतो कोण? आय-ट्रिपल-ई नावाची अभियंत्यांची एक आंतरराष्ट्रीय संस्था आहे. तिची समिती ८०२.११ ह्या क्रमांकाखाली नियम लिहिते. ह्यांना मानके म्हणतात. मी आयुष्यभर करार केले आहेत, म्हणून मला मानक हा एक करारच वाटतो. वेगवेगळ्या कंपन्या, एरवी एकमेकींच्या वैरिणी, एका टेबलाभोवती बसतात आणि कोणी कधी बोलावे, कसे बोलावे, कधी थांबावे हे कागदावर उतरवितात. म्हणूनच एका कंपनीचा डबा आणि दुसऱ्या कंपनीचा फोन एकमेकांशी बोलू शकतात.

ह्या कराराची पहिली आवृत्ती १९९७ साली आली. वेग होता सेकंदाला १ ते २ मेगाबिट. १९९९ साली तो ११ झाला, २००३ मध्ये ५४, आणि २००९ मध्ये, कागदावर, ६०० पर्यंत गेला. पुढचे मानक २०१३ साली आले. त्याने ५ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात काही हजार मेगाबिटांची मजल मारली. नावांचा गोंधळ होऊ लागला, तेव्हा २०१८ साली उत्पादकांच्या संघाने सोपे क्रमांक दिले. २००९ च्या मानकाला वाय-फाय ४, २०१३ च्याला वाय-फाय ५, आणि त्यापुढच्याला वाय-फाय ६ म्हणावयाचे. वाय-फाय ६ च्या यंत्रांचे प्रमाणीकरण २०१९ साली सुरू झाले, आणि वाय-फाय ७ चे जानेवारी २०२४ मध्ये.

पन्हा, पीक आणि धोटे

वेग वाढविण्याचे मार्ग मुख्यतः तीन आहेत, आणि तिन्ही विणकराला घरचे आहेत.

पहिला मार्ग पन्हा वाढविण्याचा. अरुंद मागावर लहान पन्ह्याचे कापड निघते, रुंद मागावर मोठ्या पन्ह्याचे. वाय-फायचा मार्ग आरंभी सुमारे २० मेगाहर्ट्‌झ रुंद होता. वाय-फाय ४ ने तो ४० केला, वाय-फाय ५ ने ८० आणि वाटल्यास १६०, आणि वाय-फाय ७ ने ३२०. पन्हा दुप्पट झाला की माल साधारण दुप्पट निघतो. पण रुंद मागाला खात्यात जागाही अधिक लागते. गर्दीच्या २.४ गिगाहर्ट्‌झमध्ये ४० चा पन्हा लावणे म्हणजे बोळात बैलगाडी आडवी उभी करणे होय.

दुसरा मार्ग पीक दाट करण्याचा. एका इंचात जितके आडवे धागे अधिक, तितके कापड दाट. लहरीच्या एका ठोक्यात किती अंक कोंबावयाचे, ही वाय-फायची वीण. वाय-फाय ५ मध्ये एका ठोक्यात ८ अंक बसत. ६ मध्ये १० बसू लागले, म्हणजे पाव हिस्सा वाढ. ७ मध्ये १२ बसतात, म्हणजे आणखी पंचमांश. पण दाट पिकाला चांगले सूत लागते. कच्च्या सुतावर दाट पीक धरले तर धागा तुटतच राहतो. तसेच येथे, सर्वांत दाट वीण त्याच खोलीत, डब्याजवळच साधते. दोन भिंतींआड गेले की यंत्रे आपणहून विरळ विणीवर येतात. जाहिरातीतील वेग हा नेहमी डब्याजवळचा वेग असतो, ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

तिसरा मार्ग एकाऐवजी अनेक धोटे चालविण्याचा. पूर्वी भिंतींवरून आपटून येणारे प्रतिध्वनी हे बिनतारी अभियंत्यांचे मोठे दुखणे होते. एकच संदेश थोड्या थोड्या अंतराने पुनःपुन्हा येई आणि सारे गढूळ होई. ऑस्ट्रेलियातील सरकारी विज्ञानसंस्थेत जॉन ओसुलिव्हन आणि त्यांचे सहकारी ह्यांनी ह्यावर काम केले. त्यांच्या पद्धतीस १९९६ साली अमेरिकेत एकस्व मिळाले. एका वेगवान प्रवाहाऐवजी मजकूर अनेक संथ, समांतर प्रवाहांत वाटून द्यावयाचा, म्हणजे प्रतिध्वनी विरून जाण्यास अवधी मिळतो, असे तिचे सूत्र. पुढे वाय-फाय ४ ने त्याच प्रतिध्वनींना कामाला लावले. अनेक आकाशक, म्हणजे अँटेना, बसवून निरनिराळ्या वाटांनी निरनिराळा मजकूर एकाच वेळी पाठविण्याची सोय झाली. शत्रूला सभासद करून घेण्याचे हे उदाहरण मला फार आवडते.

सहाव्या पिढीचे खरे काम

येथपर्यंत सारा विचार वेगाचा झाला. वाय-फाय ६ करताना समितीने प्रश्नच बदलला. एका यंत्राला अधिक वेग कसा द्यावा, ह्यापेक्षा गर्दीत सर्वांचे काम कसे चालावे, हा प्रश्न तिने पुढे घेतला. म्हणून मला ही पिढी विशेष महत्त्वाची वाटते.

पूर्वी प्रत्येक यंत्राने संपूर्ण मार्ग अडवून बोलावयाचे, मग त्याचा मजकूर चार अक्षरांचा का असेना. एका व्यापाऱ्याचा एक तागा न्यावयाचा म्हणून संपूर्ण टेंपो अडकवावा, असा तो प्रकार होता. लहान निरोप, संभाषणाचे तुकडे, दिव्याच्या बिनतारी बटणाचा संदेश हे सारे एकेका तागासारखेच असतात; त्यांच्यात मजकूर थोडा आणि येण्याजाण्याचा खर्चच फार. वाय-फाय ६ मध्ये डबा त्या मार्गाचे लहान कप्पे पाडतो. २० मेगाहर्ट्‌झच्या मार्गात असे नऊपर्यंत कप्पे पडतात, आणि एकाच फेरीत नऊ यंत्रांचा माल जातो. कोणाला कोणता कप्पा आणि केव्हा, हे डबा ठरवितो. चिठ्ठ्या टाकण्याच्या जागी पाळीपत्रक आले. येथे एकट्याचा वेग फार वाढत नाही, पण वाट पाहणे घटते. आणि संभाषणात, शिकवणीत, परीक्षेत खरे महत्त्व त्या वाट पाहण्यालाच असते.

दुसरी सुधारणा झोपेची. आपल्या शहरात पाणी कोणत्या दिवशी येणार हे ठाऊक असते, म्हणून आपण रोज रात्री नळाशी जागत बसत नाही. वाय-फाय ६ चा डबा तसेच लहान यंत्रांना वेळ नेमून देतो. मधल्या काळात ती निजतात, त्यांची विद्युत् वाचते आणि मार्गही मोकळा राहतो.

तिसरी सुधारणा शेजाऱ्यांविषयीची. पूर्वी दूरच्या घरातला पुसट आवाज कानी आला तरी आपला डबा थांबत असे. आता प्रत्येक जाळे आपल्या संदेशावर एक खूण घालते, तागाच्या टोकाला छाप मारतात तशी. समितीने त्या खुणेला ‘रंग’ असे नाव दिले. खूण परकी आणि आवाज पुसट असेल, तर डबा समजतो की हे शेजारचे बोलणे आहे, आपण आपले चालू ठेवावे.

सातवी पिढी आणि सहावा पट्टा

वाय-फाय ७ मधील सर्वांत उपयोगी गोष्ट वेगाची नसून वाटेची आहे. पूर्वी फोन एकतर ह्या पट्ट्यावर असे, नाहीतर त्या. मधेच बदल करावयाचा तर क्षणभर तुटे. आता यंत्र एकाच वेळी दोन पट्ट्यांशी जोडलेले राहू शकते. रेल्वेचे फाटक बंद असले की जाणता माणूस पुलावरून जातो, तसा मजकूर मोकळ्या वाटेने जातो. विश्वसनीयतेच्या दृष्टीने ही मोठी प्रगती आहे.

दुसरी गोष्ट डागाची. रुंद पन्ह्यात मधेच एखादी पट्टी दुसऱ्याने व्यापली असली, तर पूर्वी यंत्राला सारा पन्हा सोडून निम्म्यावर किंवा पाव हिश्शावर यावे लागे. आता तेवढा डागी तुकडा कापून उरलेले कापड वापरता येते.

पण ३२० मेगाहर्ट्‌झच्या पन्ह्याला जागा हवी, आणि ती ६ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यातच आहे. येथे विषय पुन्हा गायरानावर येतो. अमेरिकेने २०२० साली ह्या पट्ट्यातील १२०० मेगाहर्ट्‌झ एकदम खुले केले. आपल्याकडे मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने खालचे ५०० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे ५९२५ ते ६४२५, घरात कमी शक्तीने वापरण्यास परवानामुक्त करण्याच्या नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. एवढ्या जागेत ३२० चा पूर्ण पन्हा एकदाच बसतो, किंवा १६० चे तीन पन्हे बसतात. मोबाइल कंपन्यांची मागणी अशी की, हा पट्टा मोबाइलसाठी द्यावा. वाय-फायचे उत्पादक म्हणतात, खुला ठेवावा. दोघांचाही स्वार्थ त्यात आहे. पण आपण नागरिकांनी एवढे ओळखावे की, हवेतील गायरान किती ठेवावे हा प्रश्न गावच्या गायरानाइतकाच सार्वजनिक आहे, आणि ज्या प्रश्नावर जनता बोलत नाही त्याचा निकाल इतर लोक लावतात.

घेण्यापूर्वी काय पाहावे

दुकानातील डब्यावर मोठा आकडा असतो : १५००, ३०००. हा आकडा दोन पट्ट्यांची बेरीज असते. १५०० च्या डब्यात २.४ गिगाहर्ट्‌झचे ३०० आणि ५ गिगाहर्ट्‌झचे १२०१ असे मिळविलेले असतात. आपला फोन एका वेळी ह्यांपैकी एकाच पट्ट्यावर असला, तर बेरीज कोणाच्याच पदरात पडत नाही. शिवाय पाळ्या, पोच आणि थांबणे ह्यांत बराच हिस्सा जातो; चांगल्या स्थितीतही कागदी वेगाच्या अर्ध्याच्या थोडे वर मिळाले तर समाधान मानावे. आणखी एक फसगत मेगाबिट आणि मेगाबाइट ह्यांची. आठ बिटांचा एक बाइट होतो. म्हणून १०० मेगाबिटांच्या जोडणीवर सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच उतरतात, ह्यात कोणी लबाडी केलेली नसते.

नवा डबा घेतला तरी जुना फोन जुन्याच रीतीने बोलतो. करार दोन्ही पक्षांनी सही केल्यावरच लागू होतो, तसे हे आहे. घरातील बहुतेक यंत्रे जुनी असतील, तर वाय-फाय ७ चा महागडा डबा आणून फारसे हाती लागणार नाही. आजच्या मध्यम घराला, जेथे आठ-दहा यंत्रे आहेत आणि योजना १०० ते ३०० मेगाबिटांची आहे, तेथे दोन्ही पट्ट्यांचा वाय-फाय ६ चा साधा डबा पुरेसा होतो, असे माझे मत आहे. आणि खर्च करण्यापूर्वी चार बिनखर्ची कामे करावीत. डबा घराच्या मध्यावर, उंचावर, लोखंड आणि आरशापासून दूर ठेवावा. जवळची यंत्रे ५ गिगाहर्ट्‌झवर न्यावीत. जे यंत्र जागचे हलत नाही, त्याला शक्य तर तार लावावी. तारेवरील यंत्र हवेतील पाळी अडवीत नाही. आणि तक्रार करण्यापूर्वी एकदा तार लावून वेग मोजावा. तारेवर वेग पुरा असेल आणि हवेत नसेल, तर दोष आपल्या घरातला. तारेवरही नसेल, तर दोष बाहेरचा, आणि मग तक्रार जोराने करावी.

हत्यार कोणाचे?

त्या मुलीच्या घरी आम्ही प्रथम हेच केले. दहा मीटर तार आणून डब्यापासून तिच्या टेबलापर्यंत भिंतीच्या कडेने ओढली. खर्च काही शे रुपयांचा. त्या दिवसापासून तिचे काम तुटणे थांबले. ३०० ची योजना तिने पुन्हा ५० वर आणली. पुढे भावाची शिकवणी आणि बापाचा फोनही त्याच वेळी चालू लागले आणि भावाची शिकवणी अडखळू लागली, तेव्हा त्या घरी वाय-फाय ६ चा डबा आला, आणि बचत झालेल्या पैशांतून काही महिन्यांत तो फिटला.

पण कपातीचा प्रश्न राहिलाच होता. आम्ही कंपनीला लिहिले की, गिरणीत माग बंद पडला तर मालक कामगाराला गैरहजर म्हणत नाही. माग मालकाचा असतो आणि तो चालू ठेवणे हे मालकाचे काम असते. घरी बसून काम घेतले म्हणजे हत्यार पुरविण्याची जबाबदारी हवेत विरून जात नाही. कंपनीने आम्हाला उलट विचारले, “दोष तुमच्या सभासदाच्या डब्याचा होता, हे तुम्हीच सिद्ध केले ना?” प्रश्न चांगला होता. मी उत्तर दिले की, होय. आणि तो डबा कसा असावा, कोठे असावा, तार लागते की नाही, हे कामावर घेताना एकदाही सांगितले नाही, तपासले नाही, त्यासाठी रुपया दिला नाही, आणि तुटल्यावर मात्र प्रत्येक मिनिट मोजले. जो मिनिटे मोजतो त्याने तारही मोजावी.

बोलणी चार महिने चालली. तीन महिन्यांच्या कपातीपैकी दोन महिन्यांची परत मिळाली. तिसऱ्याची मिळाली नाही. मात्र त्यापुढे कामावर घेताना जोडणी तपासावयाची आणि तारेचा खर्च कंपनीने द्यावयाचा, एवढे त्यांनी मान्य केले. फार मोठा विजय नव्हे. पण हवेतील लहरींची मला माहिती नसती, तर एवढाही झाला नसता. “नेट खराब” एवढे दोन शब्द उच्चारून आम्ही परतलो असतो.

बंधुभगिनींनो, ह्या सहा महिन्यांच्या अभ्यासातून मी एक गोष्ट घेऊन आलो. वाय-फायची पंचवीस-तीस वर्षांची प्रगती पाहिली तर वेग वाढला तो पन्ह्याने, विणीने आणि धोट्यांनी. पण भरवसा वाढला तो पाळी लावल्याने, लहानांचा माल एकत्र नेल्याने, आणि शेजाऱ्याचा आवाज ओळखून आपले काम चालू ठेवल्याने. ज्यांना वाटते की बलवानाला आणखी बळ दिले म्हणजे सर्वांचे भले होते, त्यांनी हा डबा एकदा उघडून पाहावा.

आता घरी गेल्यावर आपला डबा कोठे ठेवला आहे ते पाहावे. दूरदर्शन संचाच्या मागे असेल, तर आज रात्रीच तो बाहेर काढावा.